व्हॅलेवाले आमच्या गल्लीत गाड्या लावतात, याला काही नियम आहे का?

गिरणगावकर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, काल रात्री डोकं सटकलं म्हणून बसलोय. आम्ही गिरणगावात राहतो, चाळ पाडून झालेली सात मजली बिल्डिंग, गल्ली अशी की दोन टॅक्सी समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स मारावा लागतो. जिथे गिरणीचा भोंगा वाजायचा तिथे आता काचेचे टॉवर, आणि टॉवरच्या पायथ्याशी हॉटेलं, बार, कॅफे. त्याबद्दल तक्रार नाहीये, आम्ही पण जातो कधीमधी.

तक्रार व्हॅलेच्या गाड्यांची आहे, म्हणजे गिऱ्हाइकाने हॉटेलच्या दारात चावी द्यायची आणि पोराने गाडी कुठेतरी नेऊन लावायची, ती सोय. संध्याकाळी साडेसात वाजले की एक पोरगा येतो, फुटपाथवर छत्री रोवतो, छत्रीखाली टेबल, टेबलावर चाव्या लटकवायचा खिळ्यांचा बोर्ड. मग दुसरा पोरगा आमच्या गल्लीत येऊन नारिंगी कोन मांडत जातो, जणू काही सातबारा त्याच्या नावावर आहे. नऊपर्यंत गल्ली फुल्ल. मागच्या शनिवारी नऊ ते अकरा गॅलरीत बसून मोजल्या, ३१ गाड्या, त्यातली एकही गल्लीतल्या माणसाची नाही. काल माझ्या सासऱ्यांची स्कूटर दोघांनी अक्षरशः उचलून गटाराच्या झाकणावर नेऊन ठेवली, का, तर तिथे एक एसयूव्ही बसत होती. सासरे ७४ वर्षांचे, सकाळी दूध आणायला निघाले तर स्कूटर जागेवर नाही, त्यांना वाटलं चोरीला गेली.

माझा प्रश्न साधा आहे. हॉटेल गिऱ्हाइकाकडून व्हॅलेचे २०० रुपये घेतं आणि गाडी लावतं पालिकेच्या रस्त्यावर. म्हणजे रस्ता सगळ्यांचा, भाडं त्याचं. याला लायसन्स वगैरे काही लागतं की नाही?

खड्डेबुवा

व्हॅले म्हणजे दुसऱ्याच्या गाडीने तिसऱ्याची जागा अडवून चौथ्याने पैसे घेणे. पाचवा चौकात उभा असतो, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मृणाल_ठाणे

गिरणगावकर, दुसरी बाजू पण ऐका. लग्नाचा वाढदिवस म्हणून आम्ही ठाण्याहून एवढ्या लांब जेवायला आलो होतो, दारात चावी दिली, टोकन घेतलं, झालं. गुलाबजाम चीजकेक नावाचं काहीतरी समोर आलं तेवढ्यात मोबाइल वाजला, ई-चलान, ५०० रुपये, नो पार्किंग. फोटो उघडून बघतो तर आमचीच गाडी, कुठल्यातरी गल्लीत, बरोब्बर नो पार्किंगच्या पाटीखाली, आणि मागे कुणाचीतरी वाळत घातलेली चादर. तुमचीच गल्ली नसेल ना? मॅनेजरला विचारलं तर त्याने टोकन उलटं करून दाखवलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. नवरा म्हणाला जाऊ दे, भांडण नको आजच्या दिवशी. भरले पाचशे. वर व्हॅलेचे दीडशे वेगळे.

काळा_कोट

मृणालताई, ते मागचं छापलेलं वाक्य वाचून लोक गप्प बसतात म्हणूनच ते छापतात. कोर्टाने त्याला फार भाव दिलेला नाही.

१९९८ सालची केस आहे, दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलची. एक जण मारुती झेन घेऊन गेला, चावी व्हॅलेला दिली. रात्री एकच्या सुमाराला बाहेर येऊन गाडी मागितली तर गाडी गायब. झालं काय होतं, तीन पोरं दुसऱ्या गाडीने आली होती, आत जाऊन आली, आपली गाडी मागवली आणि त्या गडबडीत एकाने टेबलावरची या झेनची चावी उचलली. पार्किंगच्या जागी गार्डने स्लिप मागितली तर गाडी दामटून पळाला. त्या स्लिपवर पण मालकाच्या जबाबदारीवर असंच छापलेलं होतं. प्रकरण ग्राहक आयोगांतून वर वर जात सुप्रीम कोर्टात पोचलं, निकाल लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे झेन बाजारातून गेली तरी केस चालू. कोर्ट म्हणालं, चावी घेतली म्हणजे गाडीचा ताबा घेतला, याला करार कायद्यात बेलमेंट म्हणतात, मग जशी घेतली तशी परत द्यायची. परत देता येत नसेल तर आपण नीट काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचं, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाचं खापर छापील वाक्याने गिऱ्हाइकावर फोडता येणार नाही.

आता ही चोरीची केस आहे, चलानची नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी पाचशे रुपयांसाठी सुप्रीम कोर्टाचं नाव घेऊन मॅनेजरशी भांडेल. पण ग्राहक मंचात जायला पाया चांगला आहे.

गिरणगावकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गुंतागुंतीचं आहे, रात्री लिहितो. अशील आलाय.

वेताळ_पेठ

पुण्यात असलं काही होत नाही. कारण पुण्यात व्हॅलेला द्यायला चावी काढेपर्यंत मागचा हॉर्न मारून मारून घरी जातो.

जोक सोडा. आमच्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, सुरुवात पाच रस्त्यांवर करायची असं ठरलं. मग विरोध, मोर्चे, सगळ्या पक्षांना अचानक गरीब दुचाकीवाल्याची आठवण. धोरणच पार्क झालं ते झालंच.

जुना_परळकर

मुंबईत तरी काय वेगळं. आठवतंय का जुलै २०१९? पालिकेने जाहीर केलं की सार्वजनिक पार्किंगच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर कारला दहा हजारांपासून पुढे, जड वाहनाला टोइंग आणि उशिराचा चार्ज धरून २३ हजारांपर्यंत दंड. पेपरांत पहिल्या पानावर. आमच्याकडे पहिले काही दिवस रस्ता असा मोकळा की पोरं क्रिकेट खेळायला उतरली. मग दंड कमी झाला, मग कोणी यायचंच बंद झालं. पावसाळा संपायच्या आत सगळं होतं तसं.

आणि ही सार्वजनिक पार्किंगं आली कुठून ते पण सांगतो, नव्या लोकांना माहीत नसतं. बिल्डरने टॉवरमध्ये पार्किंगचे मजले बांधून पालिकेला द्यायचे, बदल्यात त्याला जास्तीचा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करायची परवानगी. म्हणजे त्याची किंमत आपण आकाश विकून मोजलेली आहे. तो टॉवर उभा राहिला, वरचे फ्लॅट विकले गेले, आणि पार्किंगचं तोंड कुठे तर मागच्या बाजूला, डेब्रिजच्या ढिगामागे, पाटी अशी की ज्याला माहितीये त्यालाच दिसते. मी एकदा मुद्दाम रात्री दहाला आत जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावर एक कुत्रा आणि दोन गाड्या. खाली गल्लीत मात्र पाय ठेवायला जागा नाही.

सावली_७२

कोणी फुटपाथबद्दल बोलणार आहे का? मी सेकंड शिफ्टला असते, रात्री साडेदहाला स्टेशनकडे चालत जाते. छत्री, टेबल, बसायला बाक, आणि वाट बघणारी गिऱ्हाइकं, सगळं फुटपाथवर. मी उतरते रस्त्यावर. रस्त्यावर व्हॅलेची पोरं गाड्या अशा फिरवतात की वाटतं सर्किटवर आलेत, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं पेट्रोल. एकदा बोलले तर म्हणाला मॅडम साइडने चला ना. अरे साइडलाच तर तू बसलायस!

सुन्या_बोरिवली

मी दोन वर्षं व्हॅले केलंय, २०१७ ते १९, म्हणून लिहितो, शिव्या घालायच्या तर घाला.

पोरं हॉटेलची नसतात. हॉटेल कॉन्ट्रॅक्टरला देतं, कॉन्ट्रॅक्टर आम्हाला आणतो. वीकेंडला एका पॉइंटला तीन पोरं आणि रात्रीत ७०-८० गाड्या. पहिल्या दिवशी सुपरवायझरला विचारलं गाडी लावायची कुठे, तो म्हणाला लाव कुठेतरी, पाच मिनिटांत परत आली पाहिजे. हे ट्रेनिंग. पाच मिनिटांत परत यायचं तर लांब जाता येत नाही, मग जवळची गल्ली. गाडी न्यूट्रलला ठेवायची, हॅन्डब्रेक लावायचा नाही, म्हणजे मधली काढायची असेल तर पुढची-मागची हाताने ढकलता येते. त्यात ज्या गाड्यांचा ब्रेक बटणावर असतो त्या आल्या की वाट लागायची, एकीला काढायला सहा चाव्या शोधा.

चलानची गाडी आली की कोपऱ्यावरचा पोरगा मिस्ड कॉल द्यायचा. सगळ्यांनी एकेक गाडी काढायची, एक चक्कर मारायची, परत तिथेच. सर्किटवर फिरवतात म्हणता ना, ते हेच.

आणि ओरखडा पडला तर पगारातून कापतात. गाडी आधीच ठोकलेली असली तरी आमच्याच नावावर. म्हणून नंतर आम्ही घेतानाच चारी बाजूंनी फोटो काढायला लागलो. तुम्ही पण काढत जा, सगळ्यांचंच भलं.

खड्डेबुवा

सुन्याभाऊ, या धाग्यावरचा पहिला माहितीपूर्ण प्रतिसाद. माझा पण धरून.

तवा_गरम

माझं छोटं रेस्टॉरंट आहे, कुठे ते विचारू नका, ४४ सीट्स. इथे हॉटेलवाल्याला व्हिलन करणं सोपं आहे म्हणून माझी बाजू मांडतो. माझी बिल्डिंग स्वातंत्र्याच्या आधीची, तिला पार्किंग नव्हतंच कधी. गिऱ्हाईक फोनवर टेबल बुक करताना पहिला प्रश्न विचारतं, व्हॅले आहे का? मेन्यू नंतर. नाही म्हटलं की ते मॉलमधल्या रेस्टॉरंटला जातं. मग मी काय करू?

सार्वजनिक पार्किंग माझ्यापासून ६०० मीटरवर आहे. मी हिशेब केलाय. तिथे गाडी लावून पोरगा चालत परत यायला आठ-दहा मिनिटं, तीन पोरांचं काम करायला आठ लागतील, वर गाडीमागे पार्किंगचा रेट. गल्ली फुकट आहे. फुकट आहे म्हणून लावतो, खोटं कशाला बोलू. उद्या सगळ्यांनाच सक्ती केलीत तर मी पण तीनशे घेईन आणि पार्किंगात लावीन. पण मी एकट्याने केलं आणि शेजारच्याने नाही केलं तर मी मेलो.

गिरणगावकर

तवा_गरम, प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. आणि शेवटचं वाक्य तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलंय, सक्ती सगळ्यांना हवी.

सुन्या, वाचून जरा लाजच वाटली, मी गॅलरीतून पोरांवरच ओरडत होतो.

काळा_कोट

आलो. तर हे बघा, रस्ता पालिकेचा. पे अँड पार्क पालिकेचं. पण नो पार्किंग कुठे हे ठरवणार आणि चलान फाडणार ट्रॅफिक पोलीस. हॉटेलचं खाण्याचं लायसन्स पालिकेचं, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३९४. दारूचं एक्साइजचं. आणि व्हॅले? तो या सगळ्यांच्या मधल्या फटीत उभा आहे. तुम्ही एकाकडे गेलात की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार, आणि गंमत म्हणजे दोघंही कागदावर बरोबर असणार.

पण म्हणून काहीच नाही असं नाही. ते कोन, टेबल, छत्री यांना त्याच कायद्याचं कलम ३१३ लागतं, रस्त्यावर वस्तू मांडायच्या नाहीत, आणि ३१४ खाली पालिका त्या नोटीस न देता उचलू शकते. फेरीवाल्याची टोपली कशी उचलतात, तोच अधिकार. टोपलीला चालतो तर छत्रीला का नको हा प्रश्न लेखी विचारा. गाडी अडथळा होईल अशी उभी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२२. आणि सार्वजनिक रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचं २८५, जुनं आयपीसी २८३. त्याच्यात तक्रार गाडीमालकावर नाही, ज्याने गाडी तिथे नेऊन लावली त्याच्यावर करता येते. मृणालताईंनी हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर नवा कायदा करत बसू नका, दहा वर्षं जातील. खाण्याच्या लायसन्सला एक अट जोडा. व्हॅले देणार असाल तर गाड्या कुठे उभ्या करणार त्या जागेचा करार दाखवा, नसेल तर व्हॅले नाही.

दादरची_सून

हे दादरला करून पाहिलंय की. २०२२ मध्ये दिवाळीच्या तोंडावर व्यापारी संघ आणि पालिकेचा वॉर्ड मिळून व्हॅले सुरू केलं होतं, बाजारात ठरलेल्या पॉइंटवर चावी द्यायची, गाडी जाणार शिवसेना भवनासमोरच्या कोहिनूर स्क्वेअरच्या सार्वजनिक पार्किंगात, चार तासांचे १०० रुपये. मी पैठणीच्या खरेदीला गेले होते तेव्हा वापरलं. सासूबाईंना दुकानाच्या दारात उतरवता आलं हेच मोठं, नाहीतर प्लाझा थिएटरपासून चालत या, त्यांचे गुडघे, आपली चिडचिड. रस्ता व्यापाऱ्यांचा नाही आणि गाडी जाणार कुठे हे आधीच ठरलेलं, एवढाच काय तो फरक. तुमच्या टॉवरवाल्या हॉटेलांना जे जमत नाही ते साडीवाल्यांना जमलं.

वाऱ्याचं_शहर

शिकागोहून लिहितोय, लगेच अंगावर येऊ नका. इथे डाउनटाउनमध्ये व्हॅलेला शहराचं लायसन्स लागतं, आणि घेतलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर लावायची नाही, खासगी जागेतच. आवडलेली गोष्ट म्हणजे घेतलेल्या प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर एक पाटी ठेवावी लागते, ही गाडी व्हॅलेची आहे, ऑपरेटर अमुक. म्हणजे ती रस्त्यावर सापडली तर लगेच कळतं कुणाची करामत.

आणि एक धडा पण घ्या इथून. या शहराने २००८ मध्ये रस्त्यावरचे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका कंपनीला ११५ कोटी डॉलरला देऊन टाकले. आता शहराला स्वतःच्याच रस्त्यावरची जागा बंद करायची तर त्या कंपनीला भरपाई द्यावी लागते. तेव्हा मुंबईत कोणी म्हणालं की सगळं पार्किंग एकदाच खासगीला देऊन मोकळे होऊ, तर जिथे असाल तिथून ओरडा.

वेताळ_पेठ

७५ वर्षं? आमच्याकडे ७५ वर्षं तर फुटपाथ खणून परत बसवायला लागतात.

गिरणगावकर

ती डॅशबोर्डवरच्या पाटीची आयडिया मला प्रचंड आवडली. खर्च किती, एक लॅमिनेट केलेला कागद. त्यावर हॉटेलचं नाव आणि व्हॅले काउंटरचा नंबर. आत्ता रात्री गाडी आडवी असली की आम्ही गल्लीभर विचारत फिरतो ही कुणाची, ही कुणाची. पाटी असली तर सरळ फोन.

तवा_गरम

म्हणजे ३१ गाड्यांवर माझ्या रेस्टॉरंटचं नाव आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या शिव्या मला?

गिरणगावकर

हो. तेच तर.

सावली_७२

हाहाहा. आणि चलानच्या फोटोत पण नाव येईल ना मग! मृणाल, तुझे पाचशे वसूल.

काळा_कोट

सावली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोटोत पाटी दिसली तर गाडी त्या वेळी कुणाच्या ताब्यात होती याचा पुरावा सरकारी खर्चाने तयार. लायसन्सच्या अटीत ही दुसरी अट घालून टाका.

अवांतर: चावी देताना पोराकडे लायसन्स आहे का हे कोणी बघतं का? नसेल आणि त्याने ठोकली तर तुमचा इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा.

सुन्या_बोरिवली

आमच्यात एकाचं लर्निंगच होतं. अजून नावं सांगत नाही, दोस्त आहे.

गिरणगावकर

अपडेट. रविवारी बिल्डिंगची मीटिंग घेतली, शेजारच्या दोन सोसायट्या पण आल्या. पत्र केलंय, पालिकेला आणि ट्रॅफिकला एकच, दोघांचीही नावं एकाच पत्रावर, म्हणजे बोट दाखवायचं तर एकमेकांच्या देखत. मागण्या तीनच ठेवल्या. जागेचा करार असल्याशिवाय व्हॅले नको, गाडीवर पाटी, आणि फुटपाथवर टेबल-छत्री नाही. रहिवाशांना पार्किंग वगैरे मागितलं नाही, काही जण चिडले, म्हणाले आपल्या गाड्यांचं काय. मी म्हटलं आपल्या गाड्या रस्त्यावर उभ्या आहेत त्या पण फुकटच आहेत, तो विषय काढला तर आपण पण उघडे पडू. त्यावर शांतता झाली आणि चहा आला.

जुन्या परळकरांनी सांगितलेलं पार्किंग मी पण बघून आलो. कुत्रा अजून तिथेच आहे.

आणि एक. आमच्या मातोश्रींनी परवा रात्री गुपचूप खाली जाऊन चार कोन वर आणले. गॅलरीत ठेवलेत, एकात मातीसुद्धा भरून झाली, कढीपत्ता लावणार म्हणतात. खाली पोरं शोधत होती, आम्ही पडद्याआडून हसत होतो.

खड्डेबुवा

आईंना साष्टांग नमस्कार. कलम ३१४ घरच्या घरी.

सुन्या_बोरिवली

काका, हसायचं ते हसा, पण ते कोन परत ठेवा. हरवले की पोरांच्या पगारातून कापतात, एकाचे दोनशे-अडीचशे.

गिरणगावकर

ठेवले आत्ता खाली जाऊन. मातीवाला धुऊन.